दोन अंशांचा प्रश्न : सागरतळावरची सूक्ष्म कवचे आणि मोजणीचा काटेकोरपणा

अमेरिका आणि युरोपातल्या तेरा प्रयोगशाळांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक परीक्षा स्वतःहून दिली. समुद्रतळाच्या गाळातून वेचलेली, वाळूच्या कणाएवढी कवचे या सगळ्यांकडे पाठवण्यात आली. कवचे पाच जातींची होती, निरनिराळ्या प्रदेशांतली आणि निरनिराळ्या खोलींवरची. पण ती नेमकी कुठली, हे कुणालाच सांगितलेले नव्हते. प्रत्येकाने आपल्या रोजच्या पद्धतीने ती धुवायची, आम्लात विरघळवायची आणि त्यांत कॅल्शियमच्या तुलनेत मॅग्नेशियम किती आहे ते कळवायचे. शिवाय ज्यांतले प्रमाण आधीच ठाऊक होते अशी काही तयार द्रावणेही मोजायची होती. रटगर्स विद्यापीठातले याइर रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या परीक्षेचा निकाल २००४ मध्ये छापला.

तयार द्रावणांपुरता निकाल उत्तम होता. एकाच प्रयोगशाळेने तेच द्रावण पुन्हापुन्हा मोजले तेव्हा आकडे अर्ध्या टक्क्याच्या आत राहिले. वेगवेगळ्या प्रयोगशाळांची उत्तरे शेजारी ठेवली तेव्हा विखुरलेपणा दीड टक्क्याच्या आसपास गेला. तापमानात सांगायचे तर पहिली अनिश्चितता ०.२ अंश सेल्सियसची आणि दुसरी ०.५ अंशाची. मग खऱ्या कवचांची पाळी आली, आणि प्रयोगशाळा-प्रयोगशाळांतला विखुरलेपणा आठ टक्क्यांवर पोचला. म्हणजे दोन ते तीन अंश.

हे दोन-तीन अंश क्षुल्लक का नाहीत, ते लगेच सांगायला हवे. शेवटचे हिमयुग ऐन भरात होते तेव्हा, सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, उष्ण कटिबंधातला समुद्र आजच्यापेक्षा किती थंड होता? कवचांतल्या मॅग्नेशियमवरून या प्रश्नाचे जे उत्तर मिळते तेही बहुधा दोन-तीन अंशांचेच असते. जे शोधायचे आहे ते आणि शोधण्यातली अनिश्चितता, दोन्ही एकाच मापाची निघाली. आजचे व्याख्यान या अडचणीबद्दल आहे, आणि तिच्यातून वाट काढणाऱ्या कष्टाच्या, फारशा कौतुकाविना होणाऱ्या कामाबद्दल आहे.

ही कवचे फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची. अभ्यासकांच्या बोलण्यात ते नुसते ‘फोरॅम’. फ्रेंच निसर्गअभ्यासक आल्सिद दॉर्बिन्यी यांनी १८२६ मध्ये या गटाला नाव दिले तेव्हा ते त्यांना गोगलगायींच्या आणि माखल्यांच्या दूरच्या नात्यातले वाटले होते. कवचांची घडण तशी फसवीच आहे. हा जीव एका पेशीचा आहे हे फेलिक्स द्युजार्दँ यांनी १८३५ मध्ये दाखवले. काही फोरॅम तळाशी राहतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तिच्यातही त्यांची कवचे दिसतात. काही जाती मात्र उघड्या समुद्राच्या वरच्या थरांत तरंगत जगतात. त्यांचे आयुष्य काही आठवड्यांचे. ते संपले की रिकामे कवच खाली बसते. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ या सफरीत महासागरांच्या विस्तीर्ण तळावर अशा कवचांचा गाळच्या गाळ साचलेला आढळला. खुल्या महासागरात हा गाळ हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर वाढतो. म्हणून जहाजावरून तळात लांब पोकळ नळी घुसवून काढलेला दहा मीटरांचा गाभा म्हणजे लाखो वर्षांचा सलग इतिहास असतो.

कवच कॅल्शियम कार्बोनेटचे. ते घडत असताना भोवतालच्या पाण्याचे तापमान त्याच्या रसायनात उतरते. हे उतरलेले कसे वाचायचे, याची सुरुवात हॅरल्ड युरी यांच्यापासून होते. जड हायड्रोजनच्या शोधासाठी १९३४ चे नोबेल मिळालेले हे रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धानंतर समस्थानिकांचे गणित मांडत होते. झुरिकमधल्या त्यांच्या एका व्याख्यानानंतर खनिजशास्त्रज्ञ पाउल निग्ली यांनी विचारले की समुद्रातल्या आणि गोड्या पाण्यातल्या कार्बोनेटमध्ये ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा फरक दिसेल का. युरींनी गणित केले तेव्हा त्यातून आणखी मोठी गोष्ट हाती आली. पाणी जितके थंड, तितका कवचात जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, किंचित जास्त. हे गणित १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. व्याख्यानानंतर श्रोत्याने विचारलेल्या एका प्रश्नातून प्राचीन समुद्राचे तापमान मोजण्याची विद्या जन्मावी, ही गोष्ट कुठल्याही व्याख्यानमालेने आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

पण ‘किंचित’ म्हणजे किती? निसर्गात ऑक्सिजनच्या सुमारे ५०० अणूंमागे एक अणू ऑक्सिजन-१८ चा असतो. तापमान एका अंशाने बदलले तर हे मुळातच लहान असलेले गुणोत्तर दर हजारी सुमारे ०.२ ने हलते. अर्ध्या अंशापर्यंत पोचायचे तर गुणोत्तरातला दहा हजारांत एक भागाचा बदल पकडता आला पाहिजे. त्या काळचे कुठलेही यंत्र एका नमुन्याचे गुणोत्तर स्वतंत्रपणे इतक्या बारकाईने मोजू शकत नव्हते. आल्फ्रेड नायर यांच्या मास स्पेक्ट्रोमीटरवर युरींच्या शिकागोतल्या चमूने तोडगा काढला. दोन वायू शेजारी ठेवायचे, एक नमुन्याचा आणि एक ठरावीक संदर्भाचा. झडप फिरवून आळीपाळीने यंत्रात सोडायचे, आणि मोजायचा तो फक्त त्यांच्यातला फरक. यंत्र दिवसभरात जे काही हळूहळू सरकते ते दोन्ही वायूंसाठी सारखेच सरकते आणि वजाबाकीत निघून जाते. मॅककिनी, मॅक्रिया, एप्स्टाइन, ॲलन आणि युरी यांनी १९५० मध्ये ही रचना प्रसिद्ध केली. दर हजारी ०.१ ची पातळी गाठली गेली. आजही या क्षेत्रातली उत्तम यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

त्याच वर्षी मॅक्रियांनी कवचातून वायू काढण्याची कृती दिली : पाण्याचा अंश नसलेल्या तीव्र फॉस्फोरिक आम्लात कार्बोनेट विरघळवायचे आणि सुटणारा कार्बन डायऑक्साइड गोळा करायचा. मग प्रश्न आला की आकडा आणि तापमान यांची सांगड घालायची कशी. त्यासाठी ठाऊक तापमानाला वाढलेली कवचे हवी होती. समुद्री शिंपल्यांच्या कवचांना इजा करून त्यांना ठरावीक तापमानाच्या पाण्यात ठेवले गेले आणि त्यांनी नव्याने भरून काढलेला भाग मोजला गेला. सॅम्युअल एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये सुधारित समीकरण दिले, तेव्हा कवचातले सेंद्रिय द्रव्य हेलियमच्या प्रवाहात भाजून काढण्याची खबरदारी त्यात होती. म्हणजे नमुना स्वच्छ करण्याचा प्रश्न या विद्येच्या पहिल्या पाच-सात वर्षांतच दाराशी उभा होता.

या चमूचे एक काम अजून चकित करते. त्यांनी ज्युरासिक काळातल्या एका बेलेम्नाइटचे, म्हणजे माखलीच्या नात्यातल्या नामशेष प्राण्याचे जीवाश्म घेतले. ते मध्यापासून कडेपर्यंत थराथराने कोरले आणि प्रत्येक थर मोजला. तापमानाची रेघ वरखाली होत गेली. त्या प्राण्याने तरुणपणानंतर तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले होते, तो साधारण चार वर्षांचा होऊन वसंतात मेला होता, आणि ऋतूंमधला फरक सुमारे सहा अंशांचा होता. पंधरा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे ऋतू दर हजारी ०.१ च्या काटेकोरपणामुळे दिसले. त्याच्या कितीतरी पट ढिलाई असती तर ती रेघ निव्वळ खडबडीत दिसली असती.

यंत्राचा काटेकोरपणा पुरेसा असला तरी उत्तर चुकू शकते, याचे उदाहरण लवकरच मिळाले. शिकागोच्याच प्रयोगशाळेतले चेझारे एमिलियानी यांनी खोल समुद्रातल्या गाभ्यांतून तरंगणाऱ्या फोरॅमची कवचे थरावार मोजली आणि १९५५ मध्ये हिमयुगांचे चढउतार जगासमोर ठेवले. त्यांचे मोजमाप भक्कम होते. वक्ररेषेचे आकार आजही तसेच मानले जातात. पण त्यांनी बहुतेक बदल तापमानाच्या खात्यात टाकला आणि उष्ण कटिबंधातला समुद्र सुमारे सहा अंशांनी थंड झाला असे मानले. वास्तविक जमिनीवर प्रचंड हिमस्तर साचतात तेव्हा हलका ऑक्सिजन त्या बर्फात अडकतो आणि उरलेल्या सगळ्या समुद्राचे पाणी जड होते. एमिलियानींनी हा परिणाम दर हजारी ०.४ इतकाच धरला होता.

केंब्रिजचे निकोलस शॅकल्टन यांनी हा गुंता यंत्राच्या बाजूने सोडवला, आणि इथे मोजणीचे महत्त्व फार स्पष्ट दिसते. त्यांना तळाशी राहणाऱ्या फोरॅमची कवचे मोजायची होती. खोल समुद्राचे पाणी आजच गोठणबिंदूच्या जवळपास आहे. ते आणखी सहा अंशांनी थंड होणे शक्यच नाही. तेव्हा तळाच्या कवचांतही तरंगणाऱ्या कवचांइतकाच बदल दिसला, तर तो मुख्यतः बर्फाचा असणार. अडचण अशी की तळाच्या जातींची कवचे गाळात मोजकीच असतात आणि जुन्या पद्धतीला काही मिलिग्रॅम नमुना लागे. शॅकल्टनांनी मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सुधारणा करून मिलिग्रॅमपेक्षाही कमी नमुना पुरेल अशी व्यवस्था केली, आणि १९६७ मध्ये दाखवून दिले की दोन्हीकडचा बदल जवळपास सारखा आहे. गाळाच्या छिद्रांत अडकलेल्या जुन्या पाण्यावरून नंतर बर्फाचा वाटा दर हजारी एकच्या आसपास ठरला. पुढे १९७६ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन गाभ्यांवरून हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांचा ताल हिमयुगांत दाखवला. एक लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षांच्या आवर्तनांची ती ओळख आज शालेय पुस्तकांपर्यंत पोचली आहे. तिच्या मुळाशी नमुन्याचे वजन कमी करण्याची खटपट होती.

आता तापमान आणि बर्फ वेगळे करायला दुसरा साक्षीदार हवा होता, आणि तो त्याच कवचातून मिळाला तर सगळ्यांत चांगले. कवच घडताना कॅल्शियमच्या जागी थोडे मॅग्नेशियम शिरते. पाणी जितके गरम, तितके ते जास्त. पल्लवी आनंद, हेन्री एल्डरफील्ड आणि मॉरीन कॉन्टे यांनी सार्गासो समुद्रात बुडणारी कवचे सापळ्यांत धरून २००३ मध्ये जे समीकरण दिले त्यानुसार एका अंशामागे हे प्रमाण सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. २६ अंशांना कॅल्शियमच्या एका मोलमागे मॅग्नेशियम सुमारे ३.९ मिलिमोल, तर २८ अंशांना ४.७. ऑक्सिजनमध्ये दहा हजारांत दोन भाग शोधणाऱ्यांना एका अंशामागे नऊ टक्के म्हणजे मोठीच चैन वाटली असणार. प्लाझ्मावर चालणारे यंत्र एक द्रावण काही मिनिटांत मोजते आणि अर्ध्या टक्क्याची हमी देते. मग ते आठ टक्के आले कुठून?

ते आले धुण्यातून. कवच दिसते तेवढे रिकामे नसते. त्याच्या कप्प्यांत समुद्रतळाची बारीक चिकणमाती भरलेली असते, भिंतींत मूळ जीवाच्या सेंद्रिय पदार्थाचे पापुद्रे असतात आणि वर कधीकधी मॅंगनीज व लोहाच्या ऑक्साइडचा लेप चढलेला असतो. यातल्या प्रत्येकात मॅग्नेशियम आहे. कवचात ते वजनाने जेमतेम ०.१ टक्का, चिकणमातीत त्याच्या कितीतरी पट. साधे गणित करून पाहावे. मोजणीसाठी ३०० मायक्रोग्रॅम कवचे घेतली, तर त्यांत मॅग्नेशियम साधारण ०.३ मायक्रोग्रॅम. तीन टक्के मॅग्नेशियम असलेल्या चिकणमातीचा एकच मायक्रोग्रॅम मागे राहिला आणि त्यातले सगळे मॅग्नेशियम द्रावणात उतरले, तर आकडा दहा टक्क्यांनी फुगतो. समुद्र एका अंशाने गरम झाला! तो मायक्रोग्रॅम डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर येत नाही आणि यंत्राला तर त्याची ओळखच नसते. यंत्र समोर आलेले मॅग्नेशियम प्रामाणिकपणे मोजते.

म्हणून या कामातला सगळ्यांत कसोटीचा भाग हातांनी होतो. गाळ चाळणीवर धुवून वाळवतात. ठरावीक आकाराची, समजा पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरची कवचे वेगळी काढतात, कारण आकाराबरोबर रसायनही बदलते. मग तांदळातले खडे निवडावेत तशी एकेक जात सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने वेचतात. वीस ते साठ कवचांचा एक नमुना. ही कवचे काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये अलगद दाबून फोडतात. पीठ झाले तर धुताना हातची जातात आणि कप्पे उघडलेच नाहीत तर माती आत राहते. पुढे शुद्ध पाण्यात आणि मग मिथेनॉलमध्ये ध्वनिलहरींनी हलवून, वर तरंगणारी माती नळीने पुन्हापुन्हा ओढून घेतात. मग सेंद्रिय पदार्थासाठी गरम हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि शेवटी पृष्ठभागावर चिकटलेले काढण्यासाठी अतिशय सौम्य नायट्रिक आम्लाचा क्षणभर हात.

स्टीफन बार्कर, मर्विन ग्रीव्हज आणि एल्डरफील्ड यांनी केंब्रिजमध्ये या प्रत्येक पायरीचा परिणाम सुटासुटा तपासून २००३ मध्ये मांडला. मातीची धुलाई सगळ्यांत निर्णायक ठरली. पण एका पायरीवरून प्रयोगशाळांचे दोन तट पडले होते. एडवर्ड बॉइल आणि लॉइड कीगविन यांच्या १९८५ च्या पद्धतीत हायड्रॅझीन वापरून धातूंचे लेप उतरवण्याची आणखी एक पायरी होती. कवचातले कॅडमियम मोजायला ती आवश्यकच. मॅग्नेशियम मोजणाऱ्या काहींनी ती ठेवली, काहींनी वगळली. ती पायरी लेप काढतेच, पण थोडे कवचही खाते, आणि ज्या भागांत मॅग्नेशियम जास्त तेच भाग आधी विरघळतात. या एका पायरीने आकडा दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. म्हणजे एक अंश, कधी त्याहून जास्त.

तेरा प्रयोगशाळांच्या परीक्षेत हेच उघड झाले. धुण्याच्या पद्धतींमुळे सुमारे एका अंशाचा कायमचा कल पडत होता. त्याखेरीज एकाच प्रयोगशाळेने तीच कवचे पुन्हा मोजली तरी एक ते दोन अंशांचा फरक येत होता. इथे आठ टक्के आणि नऊ टक्के यांचा हिशोब जुळत नाही असे कुणाला वाटेल, म्हणून एक खुलासा. आठ टक्के हे सर्व उत्तरांचे प्रमाण विचलन. कोणत्याही दोन प्रयोगशाळांचे एकेक उत्तर शेजारी ठेवले, तर निव्वळ मोजणीपोटी त्यांच्यात किती तफावत पडू शकते हे काढताना त्याच्या जवळपास पावणेतीन पट धरावे लागते. बावीस टक्के म्हणजे अडीच अंश. उत्तर अटलांटिकची एका प्रयोगशाळेतली रेघ आणि हिंदी महासागराची दुसऱ्या प्रयोगशाळेतली रेघ एकाच आलेखावर ठेवून कुठला समुद्र किती थंड होता हे ठरवू पाहणाऱ्याने एवढी सावधगिरी बाळगलीच पाहिजे.

या तेरा प्रयोगशाळांनी केलेले काम मोठ्या शोधांच्या यादीत कधी येत नाही. यायला हवे. आपापल्या आकड्यांवर ज्यांचे लेख उभे होते, त्यांनीच अनोळखी नमुने मागून घेतले आणि आपल्यातली तफावत स्वतःच्या नावानिशी छापली. या विद्येवर विश्वास ठेवायचा तो या धैर्यामुळे ठेवायचा.

त्या अभ्यासाने पहिली गरज सांगितली ती सर्वांसाठी एकच मोजपट्टी असण्याची. चार वर्षांनी, २००८ मध्ये, ग्रीव्हज आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या २५ प्रयोगशाळांना घेऊन बाजारात मिळणाऱ्या तीन कार्बोनेट भुकट्या तपासल्या. त्यांतली एक चुनखडीची भुकटी, ‘ईसीआरएम ७५२-१’, या कामाला सोयीची निघाली. तिच्यातले मॅग्नेशियमचे प्रमाण सुमारे ३.७५ मिलिमोल, म्हणजे उष्ण समुद्रातल्या फोरॅमच्या नेमके जवळचे. पण तिच्यातही मेख होती. खरी चुनखडी असल्याने तिच्यात सिलिकेट खनिजांचे कण आहेत. भुकटी विरघळवल्यावर द्रावण गरगर फिरवून ते खाली बसवले नाहीत, तर त्यांतले मॅग्नेशियम हळूहळू द्रावणात उतरत राहते आणि मोजपट्टीच लांबत जाते. मोजपट्टी वापरण्याची रीतसुद्धा त्यामुळे लिहून ठेवावी लागली.

मोजपट्टीचा प्रश्न ऑक्सिजनच्या घरात आणखी जुना आहे. युरींच्या चमूने संदर्भ म्हणून दक्षिण कॅरोलिनातल्या पी-डी थरातला एक बेलेम्नाइट वापरला होता. सगळ्या जगाचे आकडे त्याच्याशी तुलना करून दिले जाऊ लागले, आणि ते एक जीवाश्म, ते संपले. मग पांढऱ्या संगमरवराची ‘एनबीएस-१९’ ही भुकटी आली. त्या संपलेल्या बेलेम्नाइटच्या तुलनेत तिचे ऑक्सिजनचे मूल्य उणे २.२० आणि कार्बनचे अधिक १.९५ आहे असे आंतरराष्ट्रीय संमतीने ठरवण्यात आले. पुढे तीही संपत आली, आणि व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ‘आयएईए-६०३’ तयार केली. प्रत्येक हस्तांतरात नव्या भुकटीला जुनीशी अत्यंत काळजीने जोडावे लागते, नाहीतर १९६० च्या दशकातले आकडे आणि आजचे आकडे एकमेकांशी बोलणार नाहीत. शिवाय उणे दोनवर असलेली मोजपट्टी अधिक चारवरच्या तळाच्या कवचांसाठी वापरताना आणखी एक धोका असतो. यंत्रात संदर्भाचा वायू आणि नमुन्याचा वायू जरासे मिसळले की दोघांतला फरक आक्रसतो, आणि अंतर जितके जास्त तितकी चूक जास्त. एका भुकटीने शून्य ठरते. मोजपट्टीवरच्या खुणांमधले अंतर तपासायला दुसरी, दूरच्या मूल्याची भुकटी लागते.

गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा या कथेतला वाटा इथे सांगावा. ‘सागर कन्या’ या संशोधन जहाजाने आणलेल्या एका गाभ्यावर राजीव सरस्वत, राजीव निगम आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी काम केले, आणि विषुववृत्तीय हिंदी महासागराच्या जुन्या तापमानाचा मॅग्नेशियमवरून घेतलेला पहिला अंदाज २००५ मध्ये प्रसिद्ध केला. शेवटच्या हिमयुगाच्या भरात तिथला पृष्ठभाग आजच्यापेक्षा सुमारे २.१ अंशांनी थंड होता, असे त्यांना आढळले. डेव्हिड ली, डोरोथी पाक आणि हॉवर्ड स्पिरो यांचा विषुववृत्तीय प्रशांत महासागराचा २००० सालचा आकडा होता २.८ अंश, अधिक-उणे ०.७.

दोन प्रयोगशाळांत अडीच अंशांची तफावत पडू शकते, मग २.१ अंशांना अर्थ काय? अर्थ आहे, कारण हा फरक एकाच गाभ्यातला, एकाच जातीच्या, एकाच रीतीने धुतलेल्या कवचांमधला आहे. धुण्यामुळे पडणारा कल वरच्या थरातल्या आणि खालच्या थरातल्या कवचांवर बराचसा सारखा पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. १९५० मध्ये झडप फिरवून जे साधले तेच इथे गाभ्याच्या पातळीवर साधते. शिवाय थराथरांतून कितीतरी नमुने मोजलेले असतात. एका नमुन्याची यदृच्छया झालेली चूक सरासरीत विरते. मात्र ‘तिथे त्या काळी नेमके किती अंश तापमान होते’ असे विचारले तर हे संरक्षण राहत नाही. फरक आणि स्वतंत्र मूल्य यांचा भरवसा सारखा नसतो. वर्तमानपत्रातल्या बातमीत हे अंतर हमखास पुसले जाते, आणि त्याचे नुकसान वाचकाचे होते.

वजाबाकीने न जाणाऱ्या चुकाही आहेत. खोल, कार्बोनेटला खाणाऱ्या पाण्यात पडलेली कवचे तळावर अंशतः विरघळतात आणि मॅग्नेशियम आधी गमावतात. हिमयुगात खोल पाण्याचे रसायन वेगळे होते, म्हणून हा परिणाम वर आणि खाली सारखा नसतो. क्षारता वाढली तरी मॅग्नेशियम वाढते. एकाच सेंटिमीटर गाळात तळाच्या किड्यांनी उकरून मिसळलेली, शेकडो वर्षांच्या अंतराने जगलेली कवचे असतात. प्रत्येक कवच काही आठवड्यांचे तापमान सांगते; एक मेमधले, दुसरे ऑगस्टमधले. चाळीस कवचांची सरासरी ही म्हणूनच चाळीस वेगवेगळ्या साक्षींची सरासरी. काही अभ्यासकांनी हा विखुरलेपणाच कामाला लावला. अथानासिओस कुतावस आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पूर्व प्रशांत महासागरातली कवचे एकेक करून मोजली आणि त्यांच्यातल्या फरकावरून पूर्वीच्या एल निनोचा जोर जोखला. तिथे मोजणीची अनिश्चितता नीट ठाऊक नसती, तर समुद्राचा लहरीपणा कोणता आणि यंत्राचा कोणता हे सांगताच आले नसते.

सगळ्यांत कठीण मोजणी अलीकडची आहे. कार्बोनेटमधला जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकमेकांना चिकटलेले किती आढळतात, हेही तापमानावर अवलंबून असते, आणि त्यासाठी जुन्या समुद्राच्या पाण्याची घडण माहीत असण्याची गरज नाही. कार्बोनेटांसाठी या तापमापकाचे पहिले प्रयोगसिद्ध समीकरण २००६ मध्ये प्रोसेनजित घोष, जॉन आयलर आणि सहकाऱ्यांनी दिले. घोष पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. वायूच्या दहा लाख रेणूंत असे दुहेरी जड रेणू सुमारे ४४. त्यांच्या प्रमाणात एका अंशामागे पडणारा फरक दर हजारी ०.००३ च्या आसपास, आणि एका मोजणीची अनिश्चितता त्याच्या दहापट असू शकते. एका अंशासाठी शंभरच्या घरात पुनर्मापने करावी लागतात, तीही सूक्ष्म कवचांची. सुरुवातीची जवळपास दहा वर्षे वेगवेगळ्या प्रयोगशाळांची समीकरणे एकमेकांशी पटत नव्हती. कुणाची रेघ चढी, कुणाची सपाट. झुरिकचे स्टेफानो बर्नास्कोनी आणि सहकाऱ्यांनी चार कार्बोनेट भुकट्या जगभर वाटल्या, २२ प्रयोगशाळांतल्या २५ यंत्रांवर त्या मोजल्या गेल्या, आणि २०२१ मध्ये दिसले की सगळ्यांनी त्याच भुकट्यांवर आपले यंत्र लावून घेतले तर उरणारी तफावत मोजणीच्या अपेक्षित अनिश्चिततेइतकीच राहते.

मॅग्नेशियमच्या बाबतीत असा पूर्ण समझोता भुकटीने होत नाही, कारण भुकटी धुवावी लागत नाही आणि कवच धुवावे लागते. म्हणून वाट दुसरीकडून काढली गेली. हायड्रॅझीनची पायरी केली की नाही, ही बाब जेसिका टिअर्नी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तयार केलेल्या जागतिक समीकरणात तापमान, क्षारता, आम्लता आणि तळाच्या पाण्याचा खाऊपणा यांच्या ओळीत एक स्वतंत्र पद म्हणून बसवली. केली असेल तर एक, नसेल तर शून्य. एकेका कवच-नमुन्याला अनिश्चिततेची स्वतःची रुंदी मिळाली. अशा कितीतरी आकड्यांना हवामानाच्या प्रतिमानाशी जोडून याच चमूने २०२० मध्ये शेवटच्या हिमयुगातल्या पृथ्वीच्या सरासरी तापमानातली घट काढली : ६.१ अंश, ५.७ ते ६.५ च्या दरम्यान. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचा त्यावरून त्यांनी बांधलेला अंदाज ३.४ अंशांचा आहे, आणि त्याच्या मर्यादा २.४ ते ४.५.